सुट्टीचे तास कुणाच्या खात्यातून?

बाप झाल्यावर माणसाने आपले छंद सोडून द्यायचे का, असा प्रश्न या सदराच्या वाचकांकडून अधूनमधून येतो. विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले भाऊ असतात. कुणाला क्रिकेटचा नाद, कुणाला गळ टाकून खाडीवर बसण्याचा, कुणाला मित्रांबरोबर गाडी काढून जव्हारपर्यंत जाऊन येण्याचा. मूल झाल्यावर घरातून बोलणी सुरू होतात, "आता तरी सुधार!" भगिनीही विचारतात, पण त्यांचे शब्द वेगळे असतात. "यांची सुट्टी असते त्या दिवशी माझं काम दुप्पट का होतं?" आम्हाला वाटतं, हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. म्हणून या महिन्यात दोघांनाही एकत्रच उत्तर.

हे सदर आम्ही नवरा-बायको मिळून लिहितो हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. आम्ही बोईसरला राहतो. आमच्यातला एक तारापूर एमआयडीसीत पाळीवर कामाला जातो. दुसरी शाळेत शिकवते आणि बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झाली आहे. लेक सात महिन्यांची आहे, अल्हम्दुलिल्लाह. घरात दादी आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहोत ते पुस्तकातलं कमी आणि रोजच्या घरातलं जास्त आहे.

रजा किती, आणि ती घ्यायची कधी?

आईच्या रजेचा कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्याआधी ती १२ आठवडे होती. बापाचं तसं नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या माणसाला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर ती मिळते आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घ्यावी लागते, नाहीतर बुडते. खासगी कारखान्यातल्या कामगाराला अशी रजा देणारा कायदा देशात नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं. असंघटित क्षेत्रातल्या बापांचाही त्यात विचार होता आणि रजा तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय होती. ते विधेयक कायदा झालं नाही.

आपल्या भागात याचा अर्थ काय, हे सांगायला नको. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र चालतं आहे, शेजारी औषधांचे, रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आहेत. बोईसर-पालघरच्या कितीतरी घरांत घड्याळापेक्षा पाळी मोठी. फर्स्ट, सेकंड, नाईट. कंत्राटी कामगाराला तर एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला.

म्हणून होणाऱ्या बापांना आमचं पहिलं सांगणं आहे की साठलेली रजा सगळी पहिल्याच आठवड्यात उडवू नका. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. नानी असते, खाला असते, शेजारणी असतात. बापाला तिथे बहुतेक वेळा चहा आणायलाच पाठवतात. खरी गरज दोन वेळा पडते. एकदा, आई बाळाला घेऊन माहेरहून परत येते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा, ती कामावर रुजू होते तेव्हा. आम्ही दहा दिवसांपैकी चार पहिल्या आठवड्यात घेतले, तीन माहेरहून आल्यावर आणि तीन शाळा सुरू झाली तेव्हा. शेवटच्या तीन दिवसांचा उपयोग सगळ्यात जास्त झाला.

समारंभाचा बाप आणि मंगळवारचा बाप

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत. त्यात आईला विश्रांती मिळते, मायेची माणसं मिळतात. चांगली रीत आहे. पण त्यात बापाचे पहिले चाळीस दिवस, कधी तीन महिने, पाहुण्यासारखे जातात. आमचं माहेर डहाणूला. बोईसरहून वाणगाव आणि मग डहाणू रोड, दोनच स्टेशनं. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावते, पण फेऱ्या मोजक्याच. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसायचं, तासभर बाळ बघायचं आणि परत फिरायचं.

या काळात बापाला जी कामं मिळतात ती सगळी समारंभाची. सातव्या दिवशी अकीका, नाव ठेवणं, जावळ काढणं, जावळाच्या वजनाइतकी चांदी सदका करणं, दावतीचा हिशोब. ही कामं मानाची आहेत आणि बाप ती उत्साहाने करतो. पण मूल मोठं होतं ते मंगळवारी, बुधवारी, ज्या दिवशी काहीच समारंभ नसतो. त्या दिवशीची कामं म्हणजे दूध पिऊन झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोट बदलणं, ते धुणं, तेल लावणं, रात्री दोन वाजता फेऱ्या मारणं. दूध पाजणं सोडलं तर यातलं एकही काम असं नाही की जे बापाच्या हातून होणार नाही.

लसीकरणाचं कार्ड तर आम्ही पूर्णपणे बापाकडे सोपवलं आहे. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब; मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट आणि सोबतचे डोस; नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. तारखा मोबाइलमध्ये टाकायच्या, त्या दिवसाची पाळी आधीच बदलून घ्यायची आणि बाळाला स्वतः घेऊन जायचं. कार्ड ज्याच्या खिशात असतं, त्याला बाळाचं वजनही माहीत असतं.

यात कमीपणा वाटायचं कारण नाही. प्रेषित मुहम्मद (स.) घरी काय करत असत, असं हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं. घरच्यांच्या कामात मदत करत असत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असं त्यांनी सांगितल्याचं हदीसमध्ये आलं आहे. आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढल्याचंही आपण वाचलेलं आहे. सुन्नत म्हणून आपण दाढी आणि मिस्वाक आठवतो, मग घरकामही आठवायला हरकत नसावी.

आकडे मात्र वेगळं सांगतात. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर माणसांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. आणि मुळात असं काम करणारे पुरुष शंभरात २६ होते, बायका ८१. ही सरासरी सगळ्या घरांची आहे. तान्हं बाळ असलेल्या घरात किती तफावत पडत असेल, ते ज्याने त्याने आपल्याच घरात मोजावं.

छंद सोडायचा नाही, मोजायचा

आता मूळ प्रश्न. छंद सोडायचा का? आमचं उत्तर आहे, सोडू नये. पाळीवर राबणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन तास तरी असे हवेत, जिथे त्याला कुणी सुपरवायझर नाही. छंद तोडलेला माणूस घरी बसतो खरा, पण हातात मोबाइल घेऊन बसतो. तो ना मैदानावर असतो ना घरात.

पण छंदाचे तास आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी ते देतं. सकाळी आठला टेनिस बॉलच्या सामन्याला गेलेला बाप संध्याकाळी सहाला येतो, तेव्हा त्या दहा तासांत बाळ कुणीतरी सांभाळलेलं असतं. पालघरचा शार्दुल ठाकूर लोकलने मुंबई गाठत गाठत भारताच्या संघात गेला, तेव्हापासून आपल्या भागातल्या प्रत्येक मैदानाला जरा जास्तच जोर आला आहे. खेळू द्या. फक्त घरी बाळ असेल तर दिवसभराची स्पर्धा सोडून दोन तासांचा सामना निवडा. आमच्याकडे आता आठवड्यातून एक संध्याकाळ बॉक्स क्रिकेटची आहे. मगरिबनंतर जायचं, इशापर्यंत परत. स्पर्धेचा हंगाम या वर्षी नाही.

गळाने मासे धरणाऱ्यांची गोष्ट जरा निराळी. त्यांची वेळ घर ठरवत नाही, चंद्र ठरवतो. उधाण कधी, भांग कधी, भरती किती वाजता, यावर त्यांचं जाणं-येणं. पण याचा एक फायदाही आहे. भरतीची वेळ आठवडाभर आधी कळते. मग ती घरीही आठवडाभर आधी कळायला हवी. निघताना चप्पल घालत "जरा खाडीवर जाऊन येतो" म्हणणं आणि रविवारीच "शुक्रवारी चार ते सात जायचं म्हणतो, जमेल का?" असं विचारणं, यात तास तेवढेच जातात. पण पहिल्यात बायकोला कळवलं जातं, दुसऱ्यात तिला विचारलं जातं.

आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावला आहे. दोन रकाने आखले, एक त्याचा, एक तिचा. जो कुणी बाळ सोडून स्वतःसाठी वेळ घेईल त्याने तास लिहायचे. महिन्याच्या शेवटी दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. तिच्या रकान्यात पहाटेचं चालणं आहे, क्रोशाचं विणकाम आहे, मैत्रिणीकडे जाऊन निवांत बसणं आहे. तिची झोपही आहे. पण ती आम्ही छंदात धरत नाही, आणि नाईट करून आलेल्याची दिवसाची झोपही सुट्टीत धरत नाही. झोप दोघांचा हक्क आहे, त्याची बेरीज होत नाही. बाळाला डॉक्टरकडे नेणं, बाजारात जाणं हेही स्वतःचा वेळ म्हणून लिहायचं नाही. पुष्कळ घरांत "ती परवा बाहेर गेली होती की" असं म्हणतात, तेव्हा ती रेशन आणायला गेलेली असते.

तिसरा रकाना

दोन महिने बेरजा छान जुळल्या. त्याला अकरा तास, तिला अकरा तास. मग आम्हाला एक गोष्ट दिसली. काही संध्याकाळी दोघांचेही तास एकाच वेळी लिहिलेले होते. तो मैदानावर, ती मैत्रिणीकडे. मग बाळ कुणाकडे होतं? दादीकडे.

म्हणजे आमचा बराचसा न्याय तिसऱ्याच्या खात्यातून चालला होता. दादी काही बोलत नाही. नातीत तिचा जीव आहे. पण तिचे गुडघे दुखतात, दुपारी तिला आडवं व्हायचं असतं, आणि रजा संपल्यापासून शाळेचे तासही तिच्याच अंगावर आले आहेत. आई-बापाने आपापसात बरोबरी करायची आणि त्याची किंमत घरातल्या म्हाताऱ्या बाईने भरायची, याला बरोबरी म्हणता येणार नाही. दादी-नानी ज्या घरात आहेत त्या सगळ्या घरांनी हे एकदा तपासावं. आम्ही कागदावर तिसरा रकाना आखला. तिला विचारलं, "अम्मी, तुम्हाला कुठे जायचंय?" तिने सांगितलं, पालघरला बहिणीकडे, गुरुवारी, आणि बरोबर कुणी यायचं नाही. गुरुवारची संध्याकाळ आता तिची आहे. त्याची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात ती घरी राहते, ती शाळेतून आल्यावर. उरलेले गुरुवार त्याचे.

बाळाला घेऊन कुठे जायचं?

पाचव्या महिन्यापासून आम्ही तिघं आणि कधी दादीसह चौघं फिरायला निघू लागलो. आपल्या जिल्ह्यात जागांना तोटा नाही. २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर घेऊन बसला आहे. चिंचणीचा किनारा, शिरगावचा किल्ला आणि त्याला लागून समुद्र, केळव्याची सुरूची झाडं, डहाणू-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या, मनोरच्या रस्त्यावरची वाघोबा खिंड. पण लग्नाआधीची सहल आणि तान्ह्या बाळाची सहल यांची मापं वेगळी.

पहिलं माप हवेचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूरचं औद्योगिक क्षेत्र अतिप्रदूषित क्षेत्रांत होतं. ज्या संध्याकाळी वास येतो त्या संध्याकाळी बाळाला घेऊन एमआयडीसीच्या रस्त्यावर चक्कर मारू नये, खिडक्या लावून घरीच बसावं. मोकळी हवा हवी तर समुद्राकडे जावं, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

दुसरं माप वाहनाचं. मोटरसायकलवर नवरा, बायको आणि मध्ये ओढणीत गुंडाळलेलं बाळ, हे चित्र आपल्याकडे रोजचं. पण १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम असा आहे की नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर चालवणाऱ्याला जोडलेला सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाची मान हेल्मेट पेलण्याइतकी धरलेली नसते. त्याच्यासाठी रिक्षा, एसटी किंवा लोकल. आम्ही केळव्याला जातो ते बोईसरहून लोकलने. उमरोळी, पालघर आणि मग केळवे रोड, तिथून रिक्षा. शिरगावला जायचं तर पालघरला उतरून सातपाटीच्या रस्त्याने.

तिसरं माप आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दूध पाजायला आडोसा कुठे आहे? जिथे बाळाची आई निवांत पाठ टेकून बसू शकत नाही, ती जागा बापाला कितीही आवडली तरी सहल म्हणून मोजू नये. केळव्याला रविवारी गर्दी उसळते. घोडागाड्या, खाऊच्या गाड्या, आरडाओरडा. तिथेच मधल्या वारी सुरूच्या सावलीत चटई टाकून तासभर बसता येतं. पाळीवाल्यांची सुट्टी आडवारी येते म्हणून आपण कुरकुरतो. बाळ असताना तीच आडवारची सुट्टी नशीब समजावी.

बाकीचं थोडक्यात. दोन तासांच्या वर बाहेर राहू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नये, समुद्रावर ऊन लागलं तरी पाणीसुद्धा नाही. दूध जास्त वेळा पाजावं. एक वर्षापर्यंत मध चाटवू नये, तो लहान आतड्यांना धोक्याचा आहे. लस टोचल्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सहल नको. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा लांबून बघायचा. आणि पिशवी बापाने उचलायची. तिच्यात काय आहे हेही त्यालाच माहीत असावं, म्हणजे "टोपी कुठे ठेवलीस?" असं दर पाच मिनिटांनी विचारावं लागत नाही.

शेवटी दोन गोष्टी

एक भगिनींसाठी. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं. पण दोन आठवडे उलटूनही मन उतरलेलंच राहत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, झोप येत नसेल, तर ते नखरे नाहीत आणि नजर लागणंही नाही. डॉक्टरांना दाखवावं. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे आपल्या भाषेत बोलता येतं. ही गोष्ट पहिल्यांदा नवऱ्याच्या लक्षात यायला हवी, आणि ती तेव्हाच येते जेव्हा तो घरात लक्ष देऊन बसलेला असतो.

दुसरी भावांसाठी. अक्रा बिन हाबिस नावाच्या सरदाराने प्रेषितांना (स.) सांगितलं होतं की मला दहा मुलं आहेत आणि मी त्यांच्यातल्या एकाचाही कधी मुका घेतला नाही. जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, असं उत्तर त्याला मिळालं. दहा मुलांचा बाप असणं आणि एका मुलाला जवळ घेणं यातला फरक त्या उत्तरात आहे. क्रिकेट खेळा, गळ टाका, गाडी काढा. फक्त निघण्याआधी भिंतीवरच्या कागदाकडे बघा आणि आपण निघालो की मागे कोण थांबतंय, त्या माणसाचं नाव घ्या. मग त्याच माणसाला विचारा की तुझी पाळी कधी.

तुमच्या घरात हा हिशोब कसा जमतो, दादी-नानींच्या रकान्यात किती तास आहेत, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, बाळाच्या पहिल्या घासाबद्दल बोलू.